रानडुक्कर, रिव्हॉल्वर आणि बारा बोअर

शिकारीसाठी मोठ्या बोअरची कोणती रिव्हॉल्वर घ्यावी, हा प्रश्न अमेरिकेतील शिकाऱ्यांमध्ये गेली सत्तर वर्षे हिरिरीने चर्चिला जात आहे, कारण तेथील अनेक राज्यांत हरीण, रानडुक्कर किंवा अस्वल आखूड शस्त्राने मारण्यास रीतसर मुभा आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याने हौसेची शिकार बंद केली, त्यामुळे त्या अर्थाने हा प्रश्न येथे शिल्लक नाही. परंतु रानडुकराने पीक उद्ध्वस्त केल्यावर त्याला मारण्याची परवानगी मिळू शकते, आणि ती मिळाल्यावर कोणत्या हत्याराने मारायचे हे ठरवावेच लागते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत ही निवड दर वर्षी भात निसवण्याच्या सुमारास नव्याने चर्चेत येते.

एका बाजूला तानसा अभयारण्य आणि माहुलीचा डोंगर, दुसऱ्या बाजूला माळशेज घाटापासून सिद्धगडापर्यंत गेलेली सह्याद्रीची रांग आणि भीमाशंकर अभयारण्याचा मुरबाडकडील भाग, आणि यांच्यामध्ये भातसा, काळू, शाई या नद्यांच्या खोऱ्यांतील लहान लहान खाचरे, अशी या मुलखाची ठेवण आहे. येथे हळवे भात आधी तयार होते, गरवे नंतर. डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी असते, आणि भात निघाल्यावर पाण्याची सोय असेल तेथे वाल, काकडी, भेंडी लावली जाते. रानडुकरांचा कळप दाणा दुधात असतानाच खाचरात उतरतो. तो जितके खातो त्याच्या कितीतरी पट अधिक तुडवतो, आणि मुळे व किडे शोधताना बांध उकरतो. बांध फुटला की खाचरातले पाणी एका रात्रीत खालच्या ओहळात जाते, म्हणून जे रोप डुकराने शिवलेही नाही तेही सुकू लागते. पंचनाम्यात खाल्लेले आणि तुडवलेले पीक मोजले जाते, फुटलेल्या बांधामुळे पुढे झालेले नुकसान मात्र बहुधा शेतकऱ्याच्याच अंगावर पडते.

पुढील संवादातील दोन व्यक्ती रिव्हॉल्वर हवी आणि लांब बंदूकच हवी या दोन भूमिकांच्या प्रतिनिधी म्हणून उभ्या केल्या आहेत. पहिले गृहस्थ मुरबाड तालुक्यातील धसई भागात शेती करणारे निवृत्त शिक्षक असून गावात त्यांना गुरुजी म्हणतात. दुसरे शहापूर वनविभागात बीटगार्ड म्हणून लागलेले आणि वनपाल म्हणून निवृत्त झालेले आहेत. दोघेही शेतकऱ्याच्या घरचे आहेत, आणि रानडुक्कर मारणे मुळातच पाप आहे असे दोघांपैकी कोणीही मानत नाही, ही गोष्ट या वादात महत्त्वाची आहे.

गुरुजींनी प्रथम आपली बाजू मांडली. “साहेब, राखणीला बसणारा माणूस कुठे बसतो ते आधी बघा. चार बल्ल्यांवर बांधलेला माळा, वर पेंढ्याचे छप्पर, चढायला शिडी, आणि बसायला हातभर रुंद जागा. त्या जागेत लांब नळीची बंदूक फिरवायची म्हटली तर ती कुठल्या ना कुठल्या बल्लीला अडते. खाली उतरून बांधावरून जायचे तर एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. अशा वेळी एखादा एकांडा नर अंगावर आला तर चार-पाच पावलांत सगळा निकाल लागतो. एका गोळीची बंदूक तिथे काय कामाची? अमेरिकेत लोक याच कारणासाठी कमरेला मोठ्या बोअरची रिव्हॉल्वर बांधतात. शेतकऱ्याला तसे हत्यार का मिळू नये?”

येथे काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. रिव्हॉल्वर म्हणजे जिच्यात पाच किंवा सहा काडतुसे एका फिरत्या चक्रीत बसवलेली असतात आणि प्रत्येक गोळीनंतर चक्री फिरून पुढचे काडतूस नळीसमोर येते, अशी एका हाताने धरता येणारी बंदूक. तिचा बोअर, म्हणजे गोळीचा व्यास, इंचाच्या शतांशांत सांगण्याचा प्रघात आहे. ‘३२ बोअर’ म्हणजे सुमारे आठ मिलिमीटर आणि ‘४४ बोअर’ म्हणजे सुमारे अकरा मिलिमीटर. शेतकऱ्याला परिचित असलेल्या बारा बोअरच्या बंदुकीतील आकडा मात्र वेगळ्याच पद्धतीने ठरतो. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या तर त्यातील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी, आणि तिचा व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणून रिव्हॉल्वरमध्ये आकडा वाढला की गोळी मोठी होते आणि या बंदुकीत आकडा वाढला की नळी बारीक होते. ४४ हा बारापेक्षा मोठा आकडा पाहून जे अनेकांचे मत बनते ते या गफलतीवर उभे असते.

वनपालांनी उत्तराची सुरुवात आकड्यांनीच केली. गोळीच्या अंगी किती मारक शक्ती आहे हे ज्यूल या एककात मोजतात; एक किलोचे वजन एक मीटर उंचीवरून खाली पडले तर सुमारे दहा ज्यूल ऊर्जा निर्माण होते. सरकारी कारखान्यांत तयार होणाऱ्या ३२ बोअर रिव्हॉल्वरची गोळी सहा-साडेसहा ग्रॅमची असून ती नळीतून बाहेर पडताना दीडशे ते पावणेदोनशे ज्यूल ऊर्जा घेऊन निघते. १९३५ मध्ये आलेले ३५७ मॅग्नम काडतूस सातशेच्या घरात पोचते. १९५५ मध्ये आलेले ४४ मॅग्नम, ज्याच्यासाठी आयडाहोतील शिकारी-लेखक एल्मर कीथ यांनी वर्षानुवर्षे आग्रह धरला होता, ते हजार ते तेराशे ज्यूलपर्यंत जाते. डिक कसूल यांनी विकसित केलेले आणि फ्रीडम आर्म्सच्या रिव्हॉल्वरमधून १९८३ पासून बाजारात आलेले ४५४ कसूल अडीच हजारांच्या आसपास असते, आणि स्मिथ अँड वेसनचे २००३ मधील ५०० मॅग्नम तीन हजारांच्याही पुढे जाऊ शकते. “आता बारा बोअरचे एका गोळीचे काडतूस घ्या,” असे वनपाल म्हणाले. “अठ्ठावीस ग्रॅम शिसे आणि जोरदार भरलेल्या काडतुसात तीन हजार ज्यूल. म्हणजे जगातल्या सर्वांत दांडग्या रिव्हॉल्वरला दोन किलो वजन घालून जे जमते, ते आपल्याकडची साधी एकनळी बंदूक सहज करते, आणि खांद्याला टेकवलेली असल्याने धक्काही सोसता येतो.”

गुरुजींना हे आकडे नवे नव्हते आणि त्यांनी ते नाकारलेही नाहीत. त्यांचे म्हणणे असे होते की पाचशेच्या मागे कोणी शहाणा शेतकरी जाणार नाही, प्रश्न ४४ चा आहे. मोठ्या रिव्हॉल्वरांची निवड करताना अनुभवी लोकही शेवटी याच काडतुसावर येऊन थांबतात, कारण ३५७ मोठ्या नराला कमी पडण्याचा धोका असतो, तर ४५४ आणि ५०० यांचा हिसका इतका असतो की सराव करणेच नकोसे होते आणि सराव नसलेल्या हातात शक्तीचा उपयोग राहत नाही. ४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्वरमध्ये त्याच व्यासाचे सौम्य काडतूस, ४४ स्पेशल, वापरता येते, त्यामुळे शिकणाऱ्याला हलक्या काडतुसावर हात बसवता येतो. नळी सहा ते साडेसात इंचांची ठेवावी, म्हणजे नेमही बरा लागतो आणि कमरेलाही अडत नाही.

गुरुजींनी दोन घडणींमधला फरकही नेमका सांगितला. एकेरी क्रियेच्या रिव्हॉल्वरमध्ये, उदाहरणार्थ रुगर कंपनीच्या १९५९ पासूनच्या सुपर ब्लॅकहॉकमध्ये, प्रत्येक गोळीपूर्वी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो, मग चाप हलकेच दाबला तरी पुरतो. तिची मूठ वक्र असल्याने बार उडाल्यावर ती तळव्यात वर फिरते आणि धक्क्याचा काही भाग त्या फिरण्यात जिरतो. दुहेरी क्रियेच्या रिव्हॉल्वरमध्ये, जसे स्मिथ अँड वेसनचे मॉडेल २९, एकाच ओढीने घोडा मागे जाऊन सुटतो. त्यामुळे लागोपाठ गोळ्या झाडता येतात, पण चाप जड लागतो आणि मुठीचा धक्का सरळ पंजाच्या मुळाशी बसतो. “अंगावर आलेल्या जनावरासाठी दुहेरी आणि बसून नेम धरण्यासाठी एकेरी, इतका विचार करून माणूस निवड करू शकतो,” असे गुरुजींनी म्हटले.

या युक्तिवादाला कायद्याचे उत्तर थोडक्यात देता येते. शस्त्र नियम, २०१६ यांच्या अनुसूचीनुसार ३८०, ४५५, लष्करी ९ मिलिमीटर अशी लष्करी आणि पोलिसी वापराची काडतुसे ज्यांत बसू शकतात ती पिस्तुले आणि रिव्हॉल्वर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. ४४ मॅग्नम त्या शब्दांत येत नाही, हे गुरुजींचे वाचन बरोबर आहे. परंतु सामान्य नागरिकाला परदेशी शस्त्र आयात करण्याची वाट १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर बंद झाली, आणि देशातील सरकारी कारखाने नागरिकांसाठी मुख्यतः ३२ आणि २२ बोअरची रिव्हॉल्वर बनवतात. २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने महिलांच्या स्वसंरक्षणासाठी म्हणून आणलेली अर्धा किलो वजनाची ‘निर्भीक’ही ३२ बोअरचीच आहे. म्हणजे मुरबाडच्या शेतकऱ्याला परवाना मिळालाच तर त्याच्या हाती येणारी रिव्हॉल्वर ही बहुधा रानडुकरासाठी मुळीच योग्य नसलेली, दीडशे ज्यूलची असेल, आणि तिच्या जोरावर कोणी खाचरात उतरला तर ती त्याला निःशस्त्र असण्यापेक्षा अधिक धोक्यात घालील, कारण निःशस्त्र माणूस निदान माळ्यावरच बसून राहतो.

तरीही गुरुजींनी वाद तेथे सोडला नाही, आणि त्यांनी पुढे केलेला ऐतिहासिक दाखला विचार करण्याजोगा आहे. मोठ्या व्यासाचे आखूड शस्त्र शिकारीत वापरण्याची प्रथा याच देशात रूढ झाली, असे त्यांनी दाखवून दिले. एकोणिसाव्या शतकात हत्तीवरून वाघाची शिकार करणारे इंग्रज अधिकारी आणि संस्थानिक हौद्यात एक जाडजूड दोन नळ्यांचे पिस्तूल ठेवत. त्याला इंग्रजीतही हौदा पिस्तूल हेच नाव पडले, आणि त्यातील काहींचा व्यास ५७७, म्हणजे साडेचौदा मिलिमीटरच्या वर, असे. पुढे वेब्लीसारख्या कंपन्यांनी त्याच व्यासाची रिव्हॉल्वरही काढली. “हे विलायती खूळ म्हणून सोडून देता येणार नाही, साहेब. जवळून आलेल्या मोठ्या जनावराला आखूड आणि जाड गोळीचे शस्त्रच हवे, हे या मातीतल्या अनुभवातून ठरलेले आहे.”

वनपालांनी हा दाखला मान्य केला आणि त्यातूनच आपला मुद्दा काढला. “गुरुजी, त्या पिस्तुलाने वाघ मारायला कोणी जात नव्हते. मारायला रायफल होती. जखमी वाघ हत्तीच्या गंडस्थळावर चढून हौद्याला पंजा घालू लागला, म्हणजे आधीचे सगळे चुकले, की मग ते बाहेर निघत असे. हातभर अंतरावर नेम धरावाच लागत नाही. तुम्ही जे मागताय ते वीस-पंचवीस मीटरवरून, रात्री, हलत्या जनावरावर झाडायचे शस्त्र आहे. ती दोन कामे निराळी आहेत.”

येथे नेमाचा हिशेब समजून घेतला पाहिजे, कारण या संपूर्ण वादाचा कणा त्यात आहे. बंदुकीच्या मागील टोकाशी खाच असते आणि पुढच्या टोकाशी माशी, म्हणजे एक लहान उंचवटा. डोळा, खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आले की नेम बसला असे म्हणतात. खाच आणि माशी यांत जितके कमी अंतर, तितकी हाताची चूक लक्ष्यावर मोठी होऊन उमटते. रिव्हॉल्वरमध्ये हे अंतर वीस सेंटिमीटर धरले आणि माशी दोन मिलिमीटर सरकली, तर वीस मीटरवर गोळी वीस सेंटिमीटर बाजूला जाते. पाऊण मीटर अंतर असलेल्या लांब बंदुकीत तेवढीच चूक पाच-सव्वापाच सेंटिमीटरची होते. रानडुकराचे हृदय आणि फुप्फुसे यांचा जो भाग बाजूने पाहिल्यास गोळीसाठी योग्य असतो, तो वीतभरापेक्षा फारसा मोठा नसतो, आणि हृदय पुढच्या पायांच्या मध्ये, छातीच्या तळाशी, लोकांना वाटते त्यापेक्षा बरेच खाली असते. दिवसा, बसून, दोन्ही हातांनी रिव्हॉल्वर धरणाऱ्या सरावलेल्या माणसाला वीस मीटरवर तो भाग साधतो. रात्री, थंडीने आखडलेल्या बोटांनी, एका हातात बॅटरी धरून तो साधत नाही, आणि दोन मिलिमीटर ही तर अशा वेळची फार लहान चूक झाली.

अंधाराची बाजू आणखी कठीण आहे. बिबट्याचे किंवा गुराचे डोळे बॅटरीच्या उजेडात चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला उजेड परत फेकणारा एक थर असतो. डुकराच्या डोळ्यांत तो नसतो. म्हणून खाचरात जे दिसते ते बहुधा एक काळपट हालचाल एवढेच असते. वनपालांनी नोकरीत पाहिलेल्या प्रकरणांचा उल्लेख न करता फक्त एवढेच विचारले, की त्या हालचालीत सुटलेले वासरू, पाणी वळवायला आलेला शेजारी किंवा दुसऱ्या बांधावरचा राखणदार नाही, हे कशावरून ठरवायचे? लांब बंदुकीच्या नळीखाली बॅटरी बांधता येते आणि जिकडे नळी तिकडे उजेड पडतो, दोन्ही हात बंदुकीवर राहतात. रिव्हॉल्वरला मात्र बॅटरी धरणारा दुसरा माणूस लागतो, आणि अंधारात दोन माणसांचे एक मन होणे कठीण. शिवाय ४४ ची चुकलेली गोळी किलोमीटरभराच्या पलीकडेही जाऊ शकते. या तालुक्यांत पाडे एकमेकांपासून फार दूर नसतात, आणि उताराच्या जमिनीत जागोजागी उघडा कातळ आहे, ज्यावर आपटून गोळी कोणत्या दिशेला उसळेल हे सांगता येत नाही. मोठ्या छऱ्यांचे काडतूस, ज्याला एलजी किंवा एसजी म्हणतात, पंचवीस-तीस मीटरपलीकडे खात्रीचे राहत नाही, हा त्याचा दोष मानला जातो; वस्तीलगतच्या खाचरात तोच गुण ठरतो.

यानंतर वनपालांनी जो मुद्दा मांडला तो या लेखाच्या मते सर्वांत जड आहे. “गोळी लागली की डुक्कर जागेवर पडते असे धरून तुम्ही बोलताय. ते पडत नाही, गुरुजी.” मोठ्या नराच्या खांद्यावर, कातडीखाली, कूर्चेसारखा घट्ट असा एक जाड थर असतो, माजाच्या दिवसांत नरांच्या झुंजीत एकमेकांचे सुळे याच थरावर झेलले जातात. कमी वेगाची किंवा मऊ शिशाची गोळी या थरात आणि खांद्याच्या हाडात आपली बरीच शक्ती घालवते. चरबीने आणि अंगावर थापलेल्या चिखलाने जखमेचे तोंड लवकर बंद होते, त्यामुळे जमिनीवर रक्त पुष्कळदा पडतच नाही आणि माग काढणे अवघड होते. असे जनावर जवळच्या करवंदीच्या किंवा घाणेरीच्या जाळीत, ओहळाच्या काठाला शिरते आणि तेथे पडून राहते. त्याला रात्री गोळी घालणारा माणूस घरी जाऊन झोपतो. सकाळी त्या जाळीजवळून कोण जाते? गुरे घेऊन निघालेला पोर, लाकूडफाटा गोळा करायला निघालेल्या कातकरी किंवा ठाकूर बाया, शाळेची पायवाट धरणारी मुले. जखमी डुक्कर मांडीच्या उंचीवर सुळा मारते आणि मांडीतली मोठी रक्तवाहिनी फाटली तर शहापूरच्या किंवा मुरबाडच्या रुग्णालयात पोचेपर्यंतचा वेळ पुरत नाही. “म्हणून शस्त्र निवडताना झाडणाऱ्याची सोय बघायची नसते. ज्याने बार काढलाच नाही, त्याच्यासाठी ते निवडायचे असते,” असे ते म्हणाले, आणि यावर गुरुजींकडे तत्काळ उत्तर नव्हते.

परंतु गुरुजींची बाजू येथे संपत नाही, आणि ती येथे संपली असे दाखवणे अन्यायाचे होईल. त्यांचा पुढचा आक्षेप कायद्याने शेतकऱ्याला देऊ केलेल्या शस्त्रावर होता. शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ज्या बंदुकीचा परवाना देण्याचे मुख्यतः सांगितले आहे, ती ठासणीची बंदूक आहे. म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे घालून गजाने ठासायचे, मागे टोपी बसवायची, आणि एक बार काढला की पुन्हा सगळे पहिल्यापासून करायचे. परतीच्या पावसात दारू सर्दावते. बार कधी उशिरा निघतो, कधी निघतच नाही. “जखमी जनावराचे पाप तुम्ही रिव्हॉल्वरच्या माथी मारता, साहेब,” असे गुरुजी म्हणाले, “पण सर्वांत जास्त जनावरे अर्धमेली करून सोडणारे हत्यार तर कायद्याने आमच्या हाती दिले आहे. आणि जो माणूस परवान्यासाठी वर्षानुवर्षे कचेरीच्या पायऱ्या झिजवतो, त्याच्या शेजारचा कुंपणाला चोरून वीज सोडतो, किंवा पिठाच्या गोळ्यात स्फोटक भरून ठेवतो. त्यात गाय मरते, कुत्रे मरते, बिबट्या मरतो, कधी माणूस मरतो. आमच्यासारख्या सरळ माणसाला नीट शस्त्र नाकारले की हे दुसरे वाढते.”

वनपालांनी हा आक्षेप पूर्णपणे मान्य केला. विजेच्या तारेने आणि स्फोटकाच्या गोळ्याने मरणारे जनावर निवडून मारलेले नसते, त्यामागे कोणी उत्तरदायी उभा नसतो, आणि ज्या तालुक्यांत माणसांची रात्रीची ये-जा पायवाटांनीच होते तेथे असे उपाय हे उघड गुन्हे आहेत. सौर कुंपण, ज्याला गावात झटका मशीन म्हणतात, सलग शेते असतील तर उपयोगी पडते हेही दोघांनी मान्य केले. पण डोंगरउताराला तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेल्या खाचरांना ते घालणे परवडत नाही, आणि गवत वाढून तारेला लागले की त्याचा जोर जातो.

मग वनपालांनी त्याच कलम १३ मधील एका परंतुकाकडे लक्ष वेधले, ज्याचा उपयोग क्वचितच केला जातो. अर्जदाराच्या भागातील पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक पुरेशी नाही, असे परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याचे समाधान झाले, तर त्याला दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा, म्हणजे व्यवहारात बारा बोअरचा, परवाना देता येतो. नळी मात्र वीस इंचांपेक्षा आखूड चालत नाही; त्याहून आखूड केलेली नळी प्रतिबंधित शस्त्रांत जाते. काडतूस मागून भरायचे, दोन नळ्या असल्या तर दुसरा बार तत्काळ हाती, पावसाची भीती नाही, आणि काडतुसेही पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनतात. गुरुजींना रिव्हॉल्वरकडून जे हवे होते त्यातले बरेचसे, म्हणजे दुसऱ्या गोळीची खात्री आणि जड शिसे, या बंदुकीत आहे. नाही ते फक्त कमरेला लावण्याची सोय.

यात आणखी दोन अडथळे आहेत आणि त्यांची माहिती नसल्याने अनेक अर्ज मध्येच अडकतात. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला नवा शस्त्रपरवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते. तानसा आणि भीमाशंकर यांच्यामुळे शहापूर आणि मुरबाडमधील पुष्कळ गावे या वर्तुळांत येतात, आणि कलम ३१ नुसार अभयारण्यात लेखी परवानगीवाचून शस्त्र नेताच येत नाही, मग जखमी डुक्कर त्या हद्दीत का शिरलेले असेना. दुसरे असे की शस्त्राचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोकादायक झालेल्या जनावरापुरती लेखी परवानगी वनाधिकाऱ्याकडून वेगळी घ्यावी लागते; ही पद्धत राज्य शासनाने रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत २०१५ मध्ये सोपी केली. केरळने २०२२ मध्ये हा अधिकार पंचायतीच्या प्रमुखांपर्यंत खाली आणला, आणि तसेच येथेही व्हावे असे गुरुजींचे मत आहे. वनपालांना ते पटत नाही, कारण ग्रामपंचायतीच्या राजकारणात कोणाच्या शेतातले डुक्कर धोकादायक ठरेल याची त्यांना चिंता वाटते. या मुद्द्यावर गुरुजींची बाजू अधिक सबळ वाटते: रात्री फुटलेला बांध तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या अधिकाऱ्यापेक्षा सरपंचाला आधी दिसतो, आणि परवानगीला आठवडा लागला तर तोवर दुधातला दाणा संपलेला असतो.

शेवटी दोघे अर्जाच्या मसुद्याकडे वळले. वनपालांच्या सांगण्यानुसार त्यात बंदुकीची मागणी सुरुवातीलाच लिहिण्याऐवजी आधी शेताची माहिती यावी: खाचरे किती, जंगलाची कड किती अंतरावर, माळा कोठे आणि त्यापासून गोळीची दिशा कोणती, त्या दिशेला पाडा, पायवाट किंवा उघडा कातळ आहे का. मग ठासणीची बंदूक का पुरेशी नाही, हे पावसाच्या आणि अंतराच्या आधारे लिहावे. त्यानंतर बार कोण काढणार, त्याने सराव कोठे केला, आणि निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत येईपर्यंत राखण कशी होणार. आणि शेवटचे कलम, जे वनपालांनी स्वतःच्या हाताने लिहून दिले: जनावर जखमी होऊन गेल्यास त्याच रात्री वनरक्षकाला आणि पोलीस पाटलाला कळवले जाईल, उजाडताच कोणते चार लोक माग काढतील आणि तोवर कोणती पायवाट बंद ठेवली जाईल हे आधीच ठरलेले असेल. मेलेले जनावर कायद्याने शासनाचे असते, तेव्हा पंचनाम्यापूर्वी त्याला हात लावला जाणार नाही, हेही त्यात आले. गुरुजींनी ‘पोलीस पाटील’ या शब्दांपुढे ‘आणि आशाताई’ असे जोडले, कारण पाड्यावरच्या बाया सकाळी कोणत्या वाटेने लाकडाला जातात हे गावातल्या या आरोग्यसेविकेला सर्वांआधी माहीत असते. अंगावर आलेल्या डुकरासाठी आखूड शस्त्रच योग्य, हे आपले मत त्यांनी बदललेले नाही. मसुद्यात मात्र त्यांनी बारा बोअर, दुनळी, असे लिहिले.